ओढ्यातलं ओढ्यात

माझ्या तोंडाला कुलूप नाही, असं आई लहानपणापासून म्हणत आली. खरंच आहे ते. या तोंडावरच माझं पोट चालतं. पण एक गोष्ट अशी आहे, की ती या तोंडातून कधीच बाहेर पडली नाही — आईपुढे नाही, नवऱ्यापुढे नाही, आणि मुलाखतवाले 'मनातलं काहीतरी सांगा ना' म्हणून मागे लागतात तेव्हा तर नाहीच नाही. आता सांगायला बसलेय, तर सुरुवात कुठून करायची तेच समजत नाही. गोष्ट लहान आहे की मोठी? तेही मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. तुम्ही समोर बसलाय असं धरते आणि बोलते.

मी रॅप करते. नाव अर्चना, पण पोस्टरवर 'टवळी'. या नावानं मोठी गंमत होते. सांगलीत एका महिला मेळाव्यात अध्यक्षबाईंना माझं नाव उच्चारायचं होतं. बाई तीनदा खाकरल्या, पाणी प्यायल्या, आणि शेवटी म्हणाल्या, 'आता येत आहेत आपल्या लाडक्या... ताई.' हॉल हसून लोळला. मीही हसले. माझं सगळं असं हसण्यावारी जातं, म्हणून तर लोकांना मी आवडते.

तुम्ही माझं काहीही ऐकलं नसलं तरी ती एक ओळ नक्की ऐकली असणार. वरातीत वाजते, रिक्षाच्या पाठीवर लिहिलेली असते —

ठेसनात उतरला चौकीदार,
येशीत शिरला सुभेदार!

निवडणुकीच्या दिवसांत तर या ओळीचं सोनं झालं. या पक्षाला वाटलं ती त्या पक्षावर आहे, त्या पक्षाला वाटलं या पक्षावर आहे. एका प्राध्यापकांनी लेख लिहिला की ही ओळ म्हणजे आपल्या सगळ्या समाजाच्या खोट्या रुबाबावरचा आसूड आहे. मी तो लेख फ्रेम करून घेतला. मुलाखतीत विचारलं की मीही हेच सांगते — कुणा एकावर नाही हो, आपल्या सगळ्यांवर आहे. आणि सुचली कशी? तर आपोआप, ओढ्यावर उभी असताना, तोंडात आली आणि बाहेर पडली.

हे दोन्ही खोटं आहे. पण थांबा — नुसतं खोटं आहे म्हणून भागत नाही. ओढा काय, ते सांगायला हवं.

आमचं गाव लोणंदजवळ. गावाच्या अंगाला ओढा, ओढ्यापलीकडे दुसरं गाव. दोन्ही गावांत सोयरिकी, एकाच गिरणीत दळण, एकाच बाजारात कांदा. पण नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही गावांतल्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि एकमेकींना शिव्या देतात. खऱ्याखुऱ्या, कानातले किडे झडतील अशा. हलगी-ताशा घुमत असतो, पदर खोचलेले असतात, हातवारे चाललेले असतात. मध्ये पाण्यात पोलिस बायका उभ्या असतात, कारण रंग चढला की आम्ही पलीकडचीला आमच्या काठावर ओढायला बघतो. याला आम्ही बार म्हणतो. बार झाला नाही तर साल धड जात नाही, अशी समजूत आहे. लोक मला विचारतात, 'तुम्ही रॅप कुठं शिकलात?' — आता काय सांगू, आमच्यात सासवाही करतात.

या शिव्यांचा एक नियम आहे. ओढ्यातलं ओढ्यात. संध्याकाळी हातपाय धुतले की संपलं. घरी न्यायचं नाही, मनात धरायचं नाही. आणि याच्या आत आणखी एक नियम आहे, तो कुणी बोलून दाखवत नाही — शिवी खोटी पाहिजे. तुझा नवरा पळाला, तुझी म्हैस आटली, तुझ्या चुलीत मांजर व्याली. खोटी असते म्हणून तर चालते. खरं असेल ते त्या दिवशी तोंडातून काढायचं नाही, हे पोरीबाळींनाही कळतं. मला कळत नव्हतं का? कळत होतं.

आता सुवर्णा. माझी मैत्रीण. बालवाडीपासून एका बाकावर बसलो, एकीचा डबा दुसरीनं खाल्ला. तिचं लग्न झालं ते ओढ्यापलीकडे. सासरी गेलेल्या मुलीनं बाराला सासरच्या काठावर उभं राहायचं आणि माहेराला शिव्या घालायच्या, अशी पद्धत आहे. पहिल्या वर्षी सुवीनं स्वतःच्या आईला ज्या काय शिव्या घातल्या! तिची आई कौतुकानं शेजारणीला सांगत होती, 'बघा, कशी तयार झालीया.'

सुवीच्या नवऱ्याला सगळं गाव फौजी म्हणायचं. भरती झाला तेव्हा त्याला हलगी लावून एसटीत बसवलं होतं. त्याचा बाप रिटायर हवालदार, त्याला आम्ही आबा म्हणायचो. आबांची छाती तेव्हा फुगली ती फुगलीच. लग्नही त्याच जोरावर ठरलं. 'पुण्यात पोस्टिंग हाय' म्हणायचे. मुलगा अधूनमधून यायचा, हिरवी टोपी, पाठीवर मिल्ट्रीची बॅग. माणूस शांत होता. कुणाच्या अध्यात न मध्यात.

एका पंचमीच्या आधी सुवी आणि मी बांगड्या भरायला लोणंदला गेलो. वडापच्या जीपनं फाट्यावर उतरलो आणि चालत गावाकडे निघालो. चालता चालता ती एकाएकी हसायला लागली.

"अर्चे, मिल्ट्रीत शिट्टी वाजवत्यात व्हय गं?"

मला काही समजेना. मग तिनं सांगितलं. नवऱ्याची बॅग धुवायला काढली होती, तर आतल्या खिशात शिट्टी आणि एक बिल्ला निघाला — पुण्यातल्या कुठल्याशा सोसायटीचा. तिनं हळूच माग काढला. गडी ट्रेनिंगमधूनच गुडघ्यामुळे परत पाठवला गेला होता. बापाला तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून परस्पर पुण्याला जाऊन वॉचमन झाला. ड्युटीवरून तसाच निळ्या कपड्यांत गाडीत बसायचा आणि लोणंद स्टेशनवर उतरून कपडे बदलायचा. सांगताना सुवी हसत होती, आणि हसता हसताच रडायला लागली.

"मी काय बोलले न्हाई त्यास्नी. शिट्टी परत खिशात ठिवली. मला म्हाईत हाय, ह्ये त्यास्नी ठावं न्हाई. लय जीव हाय गं त्यांचा त्या टोपीत. कुणाला बोलू नगंस, माझ्या गळ्याशपथ."

मी गळ्याची शपथ घेतली. तिचा हात हातात घेऊन घेतली, नव्या बांगड्या वाजल्यासुद्धा. तेव्हा मनापासून घेतली होती की नाही? घेतली होती, असं मला वाटतं. मग पुढचं कसं झालं?

इथं मला नेहमी गोंधळायला होतं. मला तिचा राग नव्हता. मत्सर? तिचं लग्न झालेलं, माझं ठरेना — असेल थोडा. पण तेही कारण नाही. कारण असं, की ती गोष्ट ऐकल्यापासून माझ्या डोक्यात काहीतरी टकटक करायला लागलं. स्टेशन आणि वेस. उतरणारा एक, शिरणारा दुसरा. काय छान होतं ते! भाकरी थापताना, शेणी लावताना मी तोंडातल्या तोंडात ते घोळवत होते. 'वॉचमन'ला यमक सापडेना. मग चौकीदार केलं. चौकीदाराला फौजी जुळेना. मग सुभेदार केलं. जुळलं तेव्हा मी एकटीच चुलीपुढे हसले.

तर आपोआप सुचली नव्हती. आठवडाभर घडवली होती, घासूनपुसून, एकेक शब्द कानाला लावून. आणि हे घडवताना ती कुणाची आहे हे मला एक क्षणही विसरायला झालं नव्हतं. फक्त स्वतःला सांगत होते की ही काय कुणापुढे म्हणायची नाही, अशीच आपली आहे. पण म्हणायची नसलेली ओळ माणूस इतकी खणखणीत कशाला करतं?

बाराच्या दिवशी पलीकडचा काठ आमच्यावर चढला होता. सुवी पुढेच होती, पदर खोचून, घाम निथळत, खूश. तिनं मला गर्दीत शोधलं, हात उंच करून माझ्याकडे बोट रोखलं आणि ओरडली, "ए टवळे! तुला बघाया आलेला पाव्हणा म्हैस पसंत करून गेला गं!" दोन्ही काठ हसले. झकास शिवी होती. खोटी, बिनविषारी, प्रेमाची. टवळी हे नाव मला कुणी दिलं असं विचारतात तेव्हा मी म्हणते, माझं मीच घेतलं. तेही तिचंच आहे.

मी पाण्यात दोन पावलं पुढे गेले. हलगीवाल्याकडे बघितलं — हो, ठेका बघून घेतला, इतकं भान होतं मला. आणि म्हटलं. एकदा नाही, ठेक्यात घालून, हातवारे करून, फौजीसारखी छाती काढून, चार-पाच वेळा. आमच्या काठानं उचलून धरलं. पलीकडच्या बायकाही हसून एकमेकींच्या अंगावर पडायला लागल्या.

सुवीचे हात टाळीसाठी वर गेले होते. ते तसेच राहिले. मग तिनं टाळी वाजवली आणि हसली. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसली. का हसली ते मला तिथल्या तिथे कळलं. ती हसली नसती तर सगळ्यांना समजलं असतं की हे खरं आहे.

ते मी बघितलं. आणि तरी आणखी एकदा म्हटलं.

कुणीतरी त्याचं फोनवर शूटिंग केलं होतं. पोळ्याच्या आत ते साताऱ्यापासून सांगलीपर्यंत सगळ्यांच्या फोनवर पोचलं. सांगलीहून सचिनचा फोन आला, विश्रामबागेत फ्लेक्सच्या दुकानावर त्याचा छोटा स्टुडिओ होता. त्यानं त्या ओळीभोवती गाणं बांधलं, पुढे आम्ही लग्नही केलं. बाकीचं तुम्हाला माहीत आहे. स्टेज, परीक्षक म्हणून खुर्ची, मुंबईचे लोक, माझ्या आवाजातली पापडाची जाहिरात. वाईट दिवस मला असे आलेच नाहीत. यशाआधी माणसानं खूप सोसलेलं असावं लागतं म्हणे. माझ्या वाटचं कुणीतरी दुसऱ्यानं सोसलं.

कारण ओढ्यातलं ओढ्यात राहिलं नाही. आबांनी ती ओळ ऐकली. गावात सगळे हसले तसे तेही हसले असणार. पण ते जुने हवालदार. मुलगा यायचा होता त्या दिवशी कुणाला न सांगता लोणंद स्टेशनवर जाऊन बाकावर बसले. गाडीतून निळ्या कपड्यातला मुलगा उतरला. दोघं एकाच वडापनं घरी आले. हे मला आईनं फोनवर सांगितलं, गावची बातमी सांगावी तसं. मुलानं बायकोला एवढंच विचारलं म्हणे — तुला कधीपासून ठाऊक होतं? त्यानं बॅग उचलली, पुण्याला गेला आणि पुन्हा गावाकडे फिरकला नाही. सुवीलाही नेलं नाही. आबांनी तोंड मिटलं ते मिटलंच. वर्ष सरायच्या आत सुवी तासगावला मामाकडे गेली, बेदाण्याच्या शेडवर निवडायच्या कामाला.

"बग की, कुठलं कुठं जाऊन पडलं," आई म्हणाली. "तुझं काय न्हाई त्यात. बारातलं कोण मनावर घेतंय?"

मी आईला म्हणाले, "व्हय." एवढंच म्हणाले.

मी स्वतःशी किती वाद घातले असतील, सांगता येत नाही. खोटं तो बोलला, मी नाही. असं सोंग किती दिवस टिकणार होतं? मी नसते म्हटले तर दुसऱ्या कुणी तरी फोडलंच असतं. आज ना उद्या. सुवीचं तरी काय चांगलं चाललं होतं, असलं ओझं घेऊन? हे सगळं मला पटतं. पटतं, आणि पटून झाल्यावरही काहीतरी उरतंच. जे उरतं त्याला काय म्हणायचं मला कळत नाही. मी एका माणसाची टोपी काढली, आणि ज्या बाईनं ती जपली होती तिच्याच हातानं काढल्यासारखी काढली. तिनं नवऱ्याला कधीच सांगितलं नव्हतं की मला माहीत आहे. ते त्याला माझ्या गाण्यातून कळलं.

मागे तासगावला गणपतीत कार्यक्रम झाला. खाली उतरले तर फोटोसाठी बायकांची रांग, आणि रांगेत सुवी. शेडवरच्या बायकांबरोबर आलेली, अंगावर चांगली साडी. ती पुढे आली, माझ्या हातात बेदाण्याची पिशवी दिली, आणि बरोबरच्या बायकांना म्हणाली, "माझ्या गावची हाय ही. एका बाकावर बसायचो आमी." मग हळू आवाजात, फक्त मला —

"एक चुकलंय बग तुझ्या गाण्यात. सुभेदार कवाच म्हणवून घेतलं न्हाई त्यांनी. नुसतं फौजी म्हणायचे. शिपाईच हुते ते, सोंगात बी."

यमकासाठी मी त्याला बढती दिली होती. त्या माणसानं खोटं बोलतानाही जी हद्द सोडली नाही, ती मी दोन अक्षरांसाठी सोडली. एवढ्या वर्षांत हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी 'सुवे' म्हणायला तोंड उघडलं, तर मागच्या बाईनं फोन पुढे केला आणि आम्ही तिघी कॅमेऱ्याकडे बघून हसलो.

जाताना ती म्हणाली, "फुडल्या साली पंचमीला येतीस का गं? मी येणार हाय बाराला. पल्याडच्या काठावर."

"येते की," मी म्हणाले.

ती हे रागानं म्हणाली, की मायेनं, की सहज? मी तो आवाज आठवून आठवून झिजवला, तरी उलगडत नाही. शिवी घेतली की उलटी शिवी द्यायची, हाच बाराचा सगळा अर्थ आहे. दोन काठ असतात ते त्यासाठीच. माझ्या स्टेजसमोर मात्र दुसरा काठ नसतो. मी बोलते, लोक हसतात, आणि पलीकडून काही येत नाही. तिला तिचा काठ हवा होता का? शिवी द्यायची होती? का नुसतं समोर उभं राहायचं होतं?

मी गेले नाही. त्या वर्षी साताऱ्याला कार्यक्रम घेतला. पुढच्या वर्षी पाटणला. पंचमीच्या दुसऱ्या दिवशीची तारीख कधीच मोकळी ठेवायची नाही, असं मी सचिनला सांगून ठेवलंय. त्याला वाटतं मला तो दिवस लाभतो. 'माहेरच्या बाराची आठवण म्हणून ती त्या दिवशी गातेच,' असं तो लोकांना सांगतो, आणि लोकांचे डोळे भरून येतात.

सुवी मात्र दरवर्षी येते. सासर उरलेलं नाही, तरी तासगावहून एसटीनं येते आणि पलीकडच्या काठावर पुढे उभी राहते. आई सांगते, "तोंडातनं एक सबूद काढत न्हाई गं. आमच्या काठाकडं बघत हुबी ऱ्हाती. बार सुटला की जाती निघून." आईला वाटतं, तिच्या डोक्यावर परिणाम झालाय.

मला ठाऊक आहे ती कुणाकडे बघत असते. आमच्या काठावर ती जागा रिकामी असते, हलगीवाल्याच्या डाव्या हाताला, जिथून मी पाण्यात उतरले होते.

यंदा पंचमी जवळ आली आहे. परवा सचिननं विचारलं, त्या दिवसाचं काय करू, सांगलीचे लोक मागे लागलेत. मी भांडी विसळत होते. नळ बंद केला. तोंडापर्यंत आलं होतं माझ्या, की यंदा नको, यंदा मला गावाला जायचं आहे. एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणाले, 'घे.' सांगलीला आहे कार्यक्रम. दुपारचा आहे, ओढ्यावर बार भरतो त्याच वेळेला. पहिलं गाणं तेच.